डोंगर नसलेलं रान : पाइन बॅरन्समधली पहिली पायपीट

न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांनी पाइन बॅरन्स पाहिलेलं असतं, पण गाडीच्या काचेतून. ॲटलांटिक सिटीला निघालं की एक्सप्रेसवेच्या दोन्ही बाजूंना मध्यम उंचीची, पिंजारल्यासारखी पाइनची झाडं सुरू होतात आणि संपायचं नाव घेत नाहीत. मागच्या सीटवर एव्हाना चिवड्याचा डबा उघडलेला असतो, कुणाला तरी डुलकी लागलेली असते. आम्हीही सहा वर्षं ते रान असंच ओलांडत होतो. पहिल्यांदा थांबलो ते पुण्याहून बाबा आले तेव्हा. चाळीस वर्षं सह्याद्री पालथा घातलेला माणूस. मॉल दाखवून त्यांना किती दिवस गप्प बसवणार? बॅटस्टो या तिथल्या जुन्या गावाच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर त्यांनी चारी दिशांना मान फिरवली आणि म्हणाले, “अगं, डोंगर कुठाय?”

“डोंगर नाहीये बाबा. सगळं सपाट आहे.”

“मग चढायचं काय?”

प्रश्न रास्त होता. गड-किल्ल्यांची सवय असलेल्याचा इथे पहिल्या तासात हिरमोड होतो, कारण त्याची नजर वर लागलेली असते. इथली सगळी गंमत घोट्याच्या उंचीवर आहे. पहिल्यांदाच जाणार असाल, तर कधी, कसं, कुठून जायचं आणि तिथे पोचल्यावर कुठे वाकायचं, ते क्रमाने सांगते.

हे रान आहे तरी काय

दक्षिण न्यू जर्सीत सुमारे ११ लाख एकरांवर हा पट्टा पसरलाय. राज्याच्या जमिनीचा जवळजवळ २२ टक्के भाग. एका बाजूला न्यू यॉर्क, दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया, आणि मधोमध एवढं मोठं रान शिल्लक राहिलं, हेच आश्चर्य. १९६०च्या दशकात इथे अवाढव्य विमानतळ आणि त्याला लागून अडीच लाख वस्तीचं शहर उभारायचा घाट घातला गेला होता. तो बारगळला. पुढे १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने या भागाला देशातला पहिला ‘नॅशनल रिझर्व्ह’ ठरवलं.

‘बॅरन्स’ म्हणजे वैराण, नापीक. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांचं नेहमीचं पीक इथल्या आंबट वाळूत येईना, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. वाळू खरोखरच निकस आहे. पाऊस पडला की पाणी वर थांबतच नाही, सरळ खाली झिरपतं. या वाळूखाली जे पाणी साठलंय त्याचा अंदाज १७ लाख कोटी गॅलन असा केला जातो. म्हणजे वरून कोरडं ठणठणीत, खाली तुडुंब. जिथे जमीन थोडी सखल आहे तिथे ते पाणी वर येतं आणि दलदल तयार होते. कोरडी वाळू आणि दलदल यांत कधी कधी दोन-तीन फुटांचाच फरक असतो. चालताना हा फरक पायांना कळायला लागला की रान ओळखीचं झालं समजा.

एक गोष्ट नवख्यांना चकवते. हा कुंपण घातलेला पार्क नाही. आत गावं आहेत, क्रॅनबेरीची शेतं आहेत, लोकांच्या खासगी जमिनी आहेत. त्यामुळे ‘पाइन बॅरन्स’ एवढंच फोनमध्ये टाकून निघू नका. नेमकी जागा ठरवा: व्हार्टन स्टेट फॉरेस्ट, ब्रेंडन टी. बर्न स्टेट फॉरेस्ट किंवा चॅट्सवर्थजवळचं फ्रँकलिन पार्कर प्रिझर्व्ह. पहिल्या खेपेला व्हार्टनमधलं बॅटस्टो, हे माझं स्पष्ट मत.

महिना निवडा

माझी पसंती ऑक्टोबरला. ऊन मऊ, डास जवळपास संपलेले, आणि चॅट्सवर्थच्या बाजूला क्रॅनबेरीची काढणी सुरू. शेतात पाणी सोडतात, फळं पोकळ असल्यामुळे तरंगून वर येतात आणि अख्खं शेत कुंकू पसरल्यासारखं लाल होतं. ५६३ नंबरच्या रस्त्यावरून जाता-जाता दिसतं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून बघा, शेतात मात्र शिरू नका. ती कुणाच्या तरी घामाची शेती आहे.

मे अखेर ते जून हा फुलांचा आणि बेडकांचा काळ. पाइन बॅरन्स ट्री फ्रॉग नावाचा अंगठ्याएवढा हिरवा बेडूक, अंगाच्या कडेने जांभळट पट्टा, रात्री दलदलीतून बदकासारखा आवाज काढतो. जुलै-ऑगस्ट मी टाळते. उकाडा, चावऱ्या माश्या आणि गोचिडी असा तिहेरी मारा असतो. आई-वडील मात्र नेमके त्याच महिन्यांत भारतातून येतात. तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा, अकरापर्यंत चाला आणि दुपारी ॲटसायन लेकवर पोहायला जा.

डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम असतो. त्या आठवड्यात गेलात तर भडक नारिंगी जॅकेट किंवा टोपी हवीच. एरवीही थंडीत घातलेली बरी. जानेवारी ते मार्च हे महिने लोक वाया घालवतात. त्या काळात कीटक नसतात, दलदलीच्या कडा गोठलेल्या असतात आणि पानं झडल्याने लांबवर दिसतं. फक्त वनखातं याच काळात ठरवून आगी लावतं, त्यामुळे एखादी वाट बंद असू शकते. जाण्याआधी व्हार्टनच्या सूचना बघून घ्या.

अंगावर काय, पिशवीत काय

मोठे ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत. घोटा झाकणारे साधे शूज पुरतात. वाळू बारीक, पिठीसाखरेसारखी; तिथे तिला म्हणतातही ‘शुगर सँड’. जाळीचे शूज घातलेत तर अर्ध्या तासात बुटात समुद्रकिनारा तयार होतो. कोकणात सुरूच्या बनातून चाललाय ना? पायाखाली वाळू, वाळूवर सुयांचा थर, वरून येणारा तो सूं सूं आवाज. चाल अगदी तशीच, म्हणजे मैल थोडे असले तरी पोटऱ्या भरून येतात. डांबरी रस्त्यावर ताशी तीन मैल चालत असाल, तर इथे दोनच धरा.

पँट पूर्ण लांबीची, फिक्या रंगाची, आणि तिचे पाय मोज्यांत खोचलेले. ध्यान दिसतं, मान्य आहे. पण हे गोचिडींसाठी आहे आणि इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

गोचिडी इथे मुबलक. त्यांतली काळ्या पायांची हरणगोचीड लाइम हा आजार पसरवते. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, म्हणजे दिसलं तरी अंगावरचा तीळ वाटून सोडून द्याल. दुसरी, पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार. तिच्या चाव्यानंतर काही जणांना मटणाची, गोमांसाची ॲलर्जी होते. (आमच्याकडे हे ऐकून माझ्या नवऱ्याने दोन महिने जंगलाचं नाव काढलं नव्हतं.) उपाय साधे आहेत. कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारून वाळवा. तो कातडीवर लावायचा नाही. उघड्या अंगाला पिकारिडिन किंवा डीटवालं औषध. वाटेच्या मधून चाला, कडेच्या गवताला पाय घासू नका. फोटोसाठी झुडपात शिरलात तर बाहेर आल्यावर लगेच पाय तपासा.

चिकटलेली सापडली तर तूप, रॉकेल, काडेपेटी असले घरगुती प्रयोग नकोत. टोकदार चिमट्याने कातडीलगत पकडायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. लाइमचे जंतू अंगात उतरायला साधारण एक दिवस किंवा जास्त लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी केलेल्या तपासणीला मोल आहे. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरायला लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे आठवणीने सांगा.

बाकी पिशवी नेहमीचीच. माणशी दोन लिटर पाणी, कारण वाटेत पिण्यासारखं नाही. टोपी. कचऱ्याची रिकामी पिशवी. राज्याच्या पार्कांत कचराकुंड्या ठेवत नाहीत, आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो. दारूला बंदी आहे. शेगडी पेटवून भजी तळायचा बेत असेल तर तो घरीच करा. ठरवून दिलेल्या जागांखेरीज आग चालत नाही आणि या रानात तो नियम किती गंभीर आहे ते पुढे येईलच. डब्यात थालीपीठ उत्तम. वाळूत बसून पुरी-भाजी खायचा प्रयत्न एकदा केला, पुन्हा नाही.

गाडी डांबरावरच ठेवा

एडिसनच्या बाजूने बॅटस्टो साधारण दीड तास. गार्डन स्टेट पार्कवेने खाली उतरून ५४२ नंबरचा रस्ता धरा, किंवा २०६ वरून हॅमंटनमार्गे या. फिलाडेल्फियाहून तासाभरात पोचता. गाडी नसेल तर अवघड आहे. हॅमंटनपर्यंत आगगाडी येते, पण तिथून बॅटस्टो सात-आठ मैल आणि मधे रिक्षा काही मिळत नाही.

आता आमची फजिती. दुसऱ्या खेपेला फोनमधल्या नकाशाने ‘बारा मिनिटं वाचतील’ म्हणून डावीकडे वळवलं. रस्ता सुरुवातीला बरा होता, मग वाळूचा झाला, मग दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. मी म्हटलं परत फिरू. नवरा म्हणाला, “आता एवढं आलोय तर...” या वाक्यानंतर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढची चाकं फिरत राहिली आणि गाडी पोटापर्यंत वाळूत बसली. फोनला रेंज नाही. दीड तासाने एक म्हातारबाबा जुन्या पिकअपमधून आले. ते काही बोलले नाहीत, साखळी काढली, गाडी ओढली. जाताना एवढंच म्हणाले की आठवड्याला दोन तरी निघतात.

तेव्हापासूनचे आमचे नियम असे. डांबर संपलं की गाडी थांबते, नकाशा काहीही म्हणो. निघण्याआधी घरीच नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा. आणि कागदी नकाशाही खिशात, कारण या सपाट रानात खूण म्हणून धरायला ना सुळका ना खिंड. शंभर पावलं वाट सोडलीत तर चारही दिशा एकसारख्या दिसतात. तोरण्यावर चुकलात तर निदान खाली-वर तरी कळतं.

पहिली फेरी : बॅटस्टो

बॅटस्टो हे जुनं कारखान्याचं गाव, आता सरकारने जपलेलं. १७६६ साली इथे लोखंडाची भट्टी उभी राहिली. खाण नव्हती, लोखंड दलदलीतून यायचं. इथल्या पाण्यात विरघळलेलं लोह हवेशी संयोग पावून ओढ्यांच्या काठांवर साचतं, त्याचे थर फोडून भट्टीत घालायचे. जळण म्हणून पाइनचा कोळसा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याला इथून तोफगोळे गेले. पेनसिल्व्हेनियातलं लोखंड स्वस्त झाल्यावर भट्टी मागे पडली, मग काही वर्षं खिडक्यांच्या काचा बनवल्या, मग तेही थांबलं.

१८७६मध्ये हा सगळा परिसर फिलाडेल्फियाच्या जोसेफ व्हार्टनने विकत घेतला. हो, ज्याच्या नावाच्या एमबीएसाठी आपली पोरं जिवाचं रान करतात तोच. त्याचा डोळा झाडांवर नव्हता, खालच्या पाण्यावर होता. ते फिलाडेल्फियाला विकायचा बेत न्यू जर्सीच्या विधिमंडळाने हाणून पाडला. जमीन त्याच्या घराण्याकडे राहिली, विसाव्या शतकाच्या मध्यावर राज्याने घेतली आणि त्याच्याच नावाचं जंगल झालं.

आधी व्हिजिटर सेंटरमध्ये जा. स्वच्छतागृह इथेच वापरा, पुढे मिळेल न मिळेल. नकाशा घ्या, कुठल्या वाटा बंद आहेत ते विचारा. मग गाव बघा: वाडा, पाणचक्कीवरची लाकूड कापायची गिरणी, धान्याची गिरणी, कामगारांची घरं. पोस्ट ऑफिस उघडं असेल तर स्वतःलाच एक पत्र टाका, तिकिटावर हाताने शिक्का मारून देतात. गावात तासभर पुष्कळ.

त्यानंतर चालायला निघा. नवख्यांसाठी तळ्याच्या काठाने छोट्या वाटा आहेत, पण मी सुचवेन ती बॅटोना ट्रेल. ‘बॅक टु नेचर’मधली आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. एकूण साधारण ५३ मैलांची वाट, तीन स्टेट फॉरेस्ट जोडणारी, आणि बॅटस्टोवरूनच जाते. झाडांवर गुलाबी पट्टे आहेत. एक पट्टा म्हणजे सरळ चला. दोन पट्टे एकावर एक दिसले की वळण आलं. पाच-सात मिनिटं पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊन शोधू नका, शेवटचा दिसला तिथवर परत या.

अंतर ठरवू नका, घड्याळ लावा. एक तास उत्तरेकडे जायचं, मग वळायचं. पहिल्या दिवशी एवढंच.

आता वाका

बाबा पहिला अर्धा तास पुढे पुढे चालत होते. बरोबरच होतं, त्यांच्या वेगाला अडवणारं काही नव्हतं. मग वाट नदीच्या जवळ आली आणि ते थांबले. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, दुधाआधीच्या, नीट उकळलेल्या. तळाची पांढरी वाळू त्यातून सोनेरी दिसते. हा रंग घाणीचा नाही. काठावरच्या सीडर झाडांतून उतरणारं टॅनिन आणि पाण्यातलं लोह यांचा तो रंग. जुन्या काळी जहाजांचे कप्तान हे पाणी पिंपांत भरून नेत, कारण ते लवकर खराब होत नसे, असं सांगतात. तुम्ही मात्र बाटलीतलंच प्या.

नदीकाठी उघड्या ओल्या वाळूवर बाबा उकिडवे बसले. म्हटलं, दमले बहुतेक. जवळ गेले तर चष्मा कपाळावर, नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर.

“हे कासचं आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“अगं, दवबिंदू! बघ ना.”

रुपयाच्या नाण्याएवढं लालसर रोप, चमच्यासारखी पानं, पानांच्या केसांवर चिकट थेंब. एका पानात चिलट अडकलं होतं आणि पाय हलवत होतं. ड्रोसेरा. जात कासच्या पठारावरची नाही, पण कूळ तेच. आणि कारणही तेच. कासला जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, इथे धुऊन निघालेली वाळू. दोन्हीकडे नायट्रोजनची बोंब. जमीन देत नाही तर झाडं माशीकडून वसूल करतात. आपण ज्याला सीतेची आसवं म्हणतो त्याचे भाऊबंदही इथल्या साचलेल्या पाण्यात आहेत. पाण्याखाली बारीक फुगे, फुग्यांत सापळा. आणि शेवाळाच्या ओल्या गादीवर घटपर्णी, सुरईसारखी पानं, आत पाणी आणि पाण्यात बुडालेले किडे. आम्ही पुढच्या तासात तीनशे फूट चाललो असू.

कुठे बघायचं ते लक्षात ठेवा: जिथे कोरडी वाळू संपून ओल सुरू होते ती कड. तिथे वाटेवरूनच वाका. शेवाळावर पाय ठेवू नका, एका पावलाचा खळगा भरून यायला वर्षं लागतात. रोप उपटून घरी कुंडीत लावायचा मोह अनेकांना होतो. तो बेकायदा आहे, आणि नळाच्या पाण्यावर ते महिनाभरही टिकत नाही.

सापांबद्दल दोन ओळी. पाइन स्नेक मोठा असतो, फुत्कारतो जोरात, पण बिनविषारी. टिंबर रॅटलस्नेक विषारी आहे, पण राज्यात दुर्मीळ झालाय, दिसला तर नशीब समजा आणि दहा पावलं मागे व्हा. आडव्या ओंडक्यावरून उडी मारण्याआधी पलीकडे बघायचं, ही आपल्याकडची सवय इथेही चालवा.

जळलेली झाडं बघून घाबरू नका

आई दुसऱ्या खेपेला सोबत होती. काळी ठिक्कर खोडं बघून ती म्हणाली, “हे काय, जळकं रान दाखवायला आणलंस?” मी तिला जवळ नेलं. कोळसा झालेल्या खोडातूनच, फांदी नाही काही नाही, थेट सालीतून हिरव्या सुयांचे झुपके बाहेर आले होते. बाटली घासायच्या ब्रशसारखे.

हे झाड म्हणजे पिच पाइन, इथला मालक. ओळखायचं असेल तर सुया मोजा, एका जुडीत तीन. साल जाड, तिच्याखाली झोपलेले कोंब. आग लागून गेली की ते जागे होतात. इथल्या काही झाडांची फळं तर राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या धगीने राळ वितळल्यावरच उघडतात. मोकळ्या राखेत, भरपूर उन्हात बी पडतं. वणवा थांबवला तर हळूहळू ओक वरचढ होतात आणि पाइन मागे पडतात. म्हणूनच वनखातं थंडीत स्वतः आग लावतं. आपल्याकडे डोंगरावर वणवा बघून जीव हळहळतो, त्यामुळे हे पचायला वेळ लागतो. आईला अजून पचलेलं नाही.

पण ठरवून लावलेली आग वेगळी आणि मोकाट सुटलेली वेगळी. एप्रिल १९६३च्या एका शनिवार-रविवारी या भागात पावणेदोन लाखांहून जास्त एकर जळालं. जून २०२२मध्ये व्हार्टनमध्येच मलिका नदीच्या बाजूला सुमारे साडेतेरा हजार एकर, आणि एप्रिल २०२५मध्ये ओशन काउंटीत पंधरा हजारांवर. सुयांचा थर आणि राळ, दोन्ही पेट घ्यायला आतुर. मार्चचा मध्य ते मेचा मध्य हा सगळ्यांत धोक्याचा काळ. त्या दिवसांत निघण्याआधी न्यू जर्सी फॉरेस्ट फायर सर्व्हिसचा त्या दिवसाचा इशारा बघा. धूर दिसला किंवा वास आला तर फोटो काढत बसू नका, गाडीकडे वळा.

सवड असेल तर परतीला ७२ आणि ५३९ नंबरच्या रस्त्यांच्या बाजूला बुटकं रान बघून या. पुन्हा पुन्हा जळून तिथले पाइन खांद्याच्या उंचीचेच राहिलेत. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की जंगलाचा माथा तुमच्या नजरेखाली. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, चढायची गरजच काय.

दुसरी फेरी : कॅरांझा ते ॲपल पाय हिल

पहिली फेरी जमली की ही करा. टॅबरनॅकल गावातून कॅरांझा रोडने आत आलात की डांबरावरूनच एका दगडी स्मारकापाशी पोचता. एमिलियो कॅरांझा हा मेक्सिकोचा तरुण वैमानिक, सदिच्छाभेटीवर अमेरिकेत आलेला. १२ जुलै १९२८च्या रात्री न्यू यॉर्कहून मायदेशी परतताना वादळात त्याचं विमान इथे पडलं. वय अवघं २२. मेक्सिकोतल्या शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांतून हा दगड उभा राहिला. त्यावर कोसळता गरुड कोरलाय. रानात दुसरं काहीच नाही, फक्त तो दगड आणि पाइन. दर जुलैत तिथे त्याची आठवण म्हणून कार्यक्रम होतो.

स्मारकाजवळून गुलाबी पट्टे धरून उत्तरेला निघा. ॲपल पाय हिल साधारण चार मैल, म्हणजे जाऊन-येऊन आठ-साडेआठ, वाळू धरून साडेचार तास हाताशी ठेवा. सुरुवातीलाच काळपट पाण्याचा ओढा लागतो, पुढे सीडरची दलदल. बाहेर ऊन असलं तरी दलदलीत एकदम गारवा आणि अंधार, देवराईत शिरल्यासारखा. मग पुन्हा कोरडं पाइन-ओकचं रान, आणि कमरेएवढी हकलबेरीची झुडपं. जुलैत फळं पिकतात, काळी-निळी, बियाळ. करवंदांची सर नाही, पण चालता-चालता तोंडात टाकायला बरी. ओळख पक्की असल्याशिवाय कुठलंही रानफळ खाऊ नका.

आता त्या ‘हिल’बद्दल. उंची समुद्रसपाटीपासून २०५ फूट. बाबांनी वर पोचल्यावर विचारलं, “आली?” पर्वतीवर जास्त दम लागतो. वर आग टेहळणीचा ६० फुटी मनोरा आहे. नासधूस फार झाली म्हणून त्याला कुंपण घातलंय. वर पहारेकरी असेल तेव्हाच चढू देतात, तेव्हा आशा धरून जाऊ नका. मिळालं चढायला, आणि हवा स्वच्छ असेल, तर एका बाजूला फिलाडेल्फियाचे आणि दुसऱ्या बाजूला ॲटलांटिक सिटीचे उंच मनोरे ठिपक्यांसारखे दिसतात. मधे सगळं हिरवं.

लहान मुलं सोबत असतील तर त्याऐवजी फ्रँकलिन पार्कर प्रिझर्व्हला जा. मोठी क्रॅनबेरीची शेती होती. २००३ साली न्यू जर्सी कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने घेतली आणि पुन्हा पाणथळ रान होऊ दिली. जुन्या बांधांवरून चालायचं, त्यामुळे पायाखाली घट्ट, दोन्ही बाजूंना पाणी, बगळे आणि चतुर. प्रवेश फुकट. किंवा बर्न फॉरेस्टमधलं व्हाइट्सबॉग. दुकानातल्या डब्यातली टपोरी ब्लूबेरी मूळची तिथली. एलिझाबेथ व्हाइट नावाच्या शेतमालकिणीने रानात फिरणाऱ्या गावकऱ्यांना छिद्र पाडलेली पट्टी दिली: ज्या झुडपाची फळं या छिद्रातून जाणार नाहीत ते झुडूप मला दाखवा, पैसे देईन. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा संकर केला आणि १९१६मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. सापडलेल्या झुडपांना ती शोधणाऱ्याचं नाव देई.

घरी पोचल्यावर

रानातून बाहेर पडताना पार्किंगमध्येच बूट काढून झटका, मोजे उलटे करा, कपड्यांवरून एकमेकांची पाठ बघा. आमच्याकडे आता हे सुतारपक्ष्यांच्या शिस्तीने चालतं, आई बाबांचे कान तपासते आणि बाबा कुरकुरतात. घरी आल्यावर कपडे आधी धुवायला टाकू नका. सरळ ड्रायरमध्ये, चढ्या तापमानावर दहा मिनिटं. कोरड्या उष्णतेने गोचिडी मरतात, पाण्याने मरतीलच असं नाही. मग अंघोळ. गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या मुळाशी आणि मुलांच्या बेंबीत बघायला विसरू नका. गाडीचे मॅट दुसऱ्या दिवशी झटकले तरी चालतील. वाळू तशीही पुढचे सहा महिने निघत राहते.